वादळ आणि प्रमाद

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या केल्या. घरांवरील कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. मालमत्तेची हानी अशी अपार झाली. मात्र किनाऱ्यालगतची हजारो माणसे आधीच सुरक्षित जागी हलवल्याने मनुष्यहानी त्या मानाने थोडी झाली. जे वाचले ते वेळेवर उचललेल्या पावलामुळे वाचले.

चक्रीवादळ भूकंपासारखे न सांगता येत नाही. भारतीय हवामान विभाग सुमारे 72, 48, 24 आणि 12 तास आधी अशा चार टप्प्यांत सूचना देतो. अडचण सूचनेची नसते, निर्णयाची असते. आकाश निरभ्र असते, गिऱ्हाईक दारात असते, पावसाळ्यापूर्वी भरलेला माल गोदामात असतो. ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ असे म्हणत व्यापारी दुकान उघडे ठेवतो. त्या संध्याकाळची किंमत अनेकदा तो स्वतः देत नाही. पत्र्याच्या घरात मुलेबाळे सोडून कामावर आलेला त्याचा नोकर देतो.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला स्थान दिले आहे. हातून घडलेली कृतीच नव्हे, तर त्यामागील बेसावधपणाही दोषास्पद ठरतो. म्हणून वादळापूर्वीची तयारी हा श्रावकाच्या जयणेचाच भाग होय.

पहिली सूचना मिळताच माल जमिनीपासून उंच फळ्यांवर घ्यावा व ताडपत्रीने झाकावा. दुकानावरील पाट्या व फलक उतरवावेत, सैल पत्रे आवळावेत. हिशेबाच्या वह्या, विम्याची कागदपत्रे आणि मालाची छायाचित्रे दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवावीत. विम्यात वादळ व पूर यांचा समावेश आहे की नाही, हे मात्र ऋतू सुरू होण्यापूर्वीच पाहून ठेवावे. वादळ येण्याच्या आदल्या दिवशी दुकान बंद करून नोकरांना पगार न कापता घरी पाठवावे.

घरात काही दिवस पुरेल इतके पाणी भरावे. वीज गेली की पंपही थांबतो. चुलीवाचून चालणारे खाखरे, चणे, शेंगदाणे, गूळ असे जिन्नस, नित्याची औषधे आणि विजेऱ्या हाताशी असाव्यात. चौविहार पाळणाऱ्या वृद्धांचे जेवण सूर्यास्तापूर्वी होईल, अशी व्यवस्था आधीच करावी. गुरांची दावी सोडावीत. बांधलेल्या जनावराला पळून जीव वाचवता येत नाही. मे-जूनमध्ये साधू-साध्वी चातुर्मासस्थळाकडे पायी विहार करीत असतात व त्यांच्याजवळ भ्रमणध्वनी नसतो. त्यांना वेळीच निरोप पोहोचवून पक्क्या छताच्या वास्तूत थांबण्याची विनंती करणे, हे वाटेवरील संघाचे कर्तव्य आहे.

सर्वांत मोठा धोका शांततेत दडलेला असतो. वादळाचा डोळा माथ्यावर आला की वारा एकाएकी पडतो. वादळ सरले असे समजून दुकान पाहण्यास निघालेला माणूस रस्त्यात असतानाच उलट दिशेने तितकाच भीषण वारा सुटतो. म्हणून प्रशासनाकडून धोका टळल्याचे कळेपर्यंत घराबाहेर पडू नये. त्यानंतरही तुटलेल्या विजेच्या तारांपासून दूर राहावे आणि मोडतोड आवरण्यापूर्वी पंचनामा व छायाचित्रे करून घ्यावीत.

भिजलेला माल पुढील हंगामात पुन्हा भरता येतो, तुटलेला पत्रा नव्याने बसवता येतो. वहीत जमा-खर्चाचे अनेक रकाने असतात. गेलेला जीव परत जमा करण्याचा रकाना नसतो. परिग्रहाचा मोह किती सुटला, याची परीक्षा वादळाच्या आदल्या दिवशी, दुकान बंद करण्याच्या त्या क्षणी होते.