कोणता राग गावा?

गेल्या रविवारी सकाळी दांडिया बाजारातील आमच्या घरी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांसह आली. संगीताची पदवी पदरात पडली आहे. आता पदव्युत्तर वर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षकांपुढे गावयाचे आहे. वेळ सकाळी दहाची, गाण्यास वीस मिनिटे. वडिलांनी चहाचा पेला खाली ठेवून विचारले, "सर, कोणता राग गायला म्हणजे छाप पडेल?" आम्ही मराठीचे शिक्षक, तानपुरा जुळविणेही आम्हांस येत नाही. परंतु मुख्याध्यापकास सर्व विषय कळतात असा पालकांचा जो समज असतो, तो मोडण्याचे धैर्य आम्हांस आजवर झालेले नाही.

मुलीच्या गाण्याच्या बाईंनी अल्हैया बिलावल सुचविला होता. मुलीच्या मनात मात्र खट होता. हाही सकाळचाच राग. पण अनेक रागांच्या छाया एकत्र नांदविणारा आणि क्वचितच कानी पडणारा. ध्वनिमुद्रणे ऐकून तिने तो चार महिन्यांत बसविला होता. "बिलावल तर सगळेच गातील, सर. मग माझं वेगळं काय राहील?"

हा प्रश्न आम्हांस हसण्यावारी नेता आला नाही. एम. ए. च्या तोंडी परीक्षेत आवडता ग्रंथ विचारला असता आम्ही ऐटीत 'अमृतानुभव' असे उत्तर दिले होते. वास्तविक रात्री उशाशी असे ती गाथा. परीक्षकांनी शांतपणे एका ओवीचा अर्थ विचारला, आणि पुढची दहा मिनिटे आम्ही जी धूळ चाटली तिची चव अद्यापि गेलेली नाही.

आम्ही तिला दोन्ही राग गावयास सांगितले. खट तिने स्वच्छ म्हटला. मग आम्ही अजाणतेपणी म्हणालो, "हीच जागा निराळ्या वाटेने घेऊन दाखव बरं." ती थबकली. मुद्रणात होते तेवढेच तिच्यापाशी होते. अल्हैया बिलावलात मात्र ती घरच्यासारखी वावरली. अवरोहात धैवताला टेकून कोमल निषाद जेमतेम स्पर्शून परत धैवतावर येण्याची जी खुबी आहे, ती तिने चार वेळा चार तऱ्हांनी दाखविली. तिचे वडीलसुद्धा तेव्हा पेला उचलावयास विसरले.

खटाची आणखी एक अडचण आहे. त्याचे रूप घराण्याघराण्यांत निराळे. "हा कोणाकडचा?" असे परीक्षकांनी विचारले, तर मुद्रणाचे नाव सांगून कसे भागावे? रागांच्या रूपांवरील मतभेद आपल्या बडोद्यास नवे नाहीत. १९१६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली होती. त्याहीपूर्वी, १८८६ साली, सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली. गुरू सांगेल ते शिष्याने गावे, ही जुनी रीत. शाळा आली, परीक्षा आल्या, आणि निवडीचा हा घोर विद्यार्थ्याच्या माथी आला.

मुलीचा चुलतभाऊ अमेरिकेत पियानो शिकतो. तोही याच खटपटीत आहे. तिकडे बहुतेक ठिकाणी चौकट आखलेली असते : बाखचे एक प्रिल्यूड व फ्यूग, हायडन, मोत्सार्ट वा बीथोवन यांचा एक संपूर्ण सोनाटा, शोपँच्या काळातील काही, आणि विसाव्या शतकातील एखादी रचना, सारे सहसा पाठ. परीक्षक वाटेल तेथे थांबवितात. तेव्हा पहिले काय वाजवावे, हाही विचार आलाच. त्यास लिस्टची बोटांची कसरत दाखवावयाची होती. शिक्षकांनी ती काढून टाकविली, आणि म्हणे, मोत्सार्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून घ्यावयास लावला. स्वर इतके मोजके, की एक जरी जड पडला तरी लपत नाही. पोरगा अद्याप रुसलेला आहे.

मुलीच्या बाईंनी तालाचाही विचार केला होता, तो आम्हांस फार पटला. साथीला तबलजी अनोळखी असणार. तेव्हा चौदा मात्रांचा विलंबित झुमरा नको, बारा मात्रांचा एकताल बरा. ख्यालाचा विस्तार बारा मिनिटांत आटोपावा, म्हणजे द्रुत बंदिशीस व तानांस वाव राहतो. आलापातच वेळ संपवून बसलेले उमेदवार बाईंनी पुष्कळ पाहिले आहेत.

"आणि खट?" मुलीने जाताना विचारले. आम्ही म्हटले, "बाईंकडून रीतसर शीक. दोन वर्षं आहेत."

ती काही बोलली नाही. परीक्षा येत्या गुरुवारी आहे. काल वडिलांचा दूरध्वनी आला : सकाळी बिलावल चालतो, मात्र दार लावून घेतले की मधूनच खट ऐकू येतो.