ज्ञानाच्या सावडीतला आपला वाटा घ्या

हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थी, पालक, प्राध्यापक, संस्थाचालक आणि वाचनालयांच्या कार्यकर्त्यांना जाहीर आवाहन

ज्याच्या दावणीला एकच बैल असतो, तो शेजाऱ्याशी सावड करतो. दोघांचे बैल एका जुवाखाली आले की दोन्ही रानं वेळेत पेरून होतात. ग्रंथालयांची सामायिक वर्गणी ही अशीच सावड आहे. काही विदेशी शोधपत्रिकांची वर्षाची वर्गणीच लाखांत जाते. सेनगाव-कळमनुरीच्या एखाद्या महाविद्यालयाला ती एकट्याने कधीच झेपणार नाही. अनेक संस्थांसाठी मिळून एकच करार झाला, की तेच वाचन आपल्या मुलांच्या मोबाईलवर येते.

ही सावड देशाने केलेली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 शोधपत्रिका आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा पसारा आहे. महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची अशाच सामायिक वर्गणीची ‘एन-लिस्ट’ सेवा 2010 पासून आहे. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांसाठी तिची वर्गणी वर्षाला काही हजार रुपये, म्हणजे दोन-चार जाड संदर्भग्रंथांच्या किमतीइतकी.

आपल्याला याची गरज काय, असे कुणी विचारेल. वसमतच्या हळदीला कंदकूज लागते, तेव्हा त्या रोगावर जगात काय उपाय सापडले ते याच पत्रिकांत छापून येते. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होत आहे. तिथे उद्या आपल्या तालुक्यातली मुलगी संशोधक म्हणून जायची असेल, तर तिचे वाचन आज सुरू झाले पाहिजे.

म्हणून विनंती अशी :

1. विद्यार्थ्यांनो, या आठवड्यात ग्रंथपालांना भेटा आणि शोधपत्रिका वाचण्यासाठी आपले स्वतःचे खाते उघडून घ्या.

2. प्राध्यापकांनो, प्रत्येक वर्गाला निदान एक शोधनिबंध शोधून वाचायला लावा.

3. संस्थाचालकांनो, एन-लिस्टची वर्गणी थकवू नका. आपली संस्था कोणत्या योजनेत बसते, याची ग्रंथपालांकडून खात्री करून घ्या.

4. वाचनालयांच्या कार्यकर्त्यांनो, ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावरचे प्रबंध आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांना विनामूल्य खुले आहेत. संगणकाशेजारी तशी पाटी लावा आणि शेतकऱ्यांना, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ते शोधायला शिकवा. सामायिक वर्गणीचा लाभ सार्वजनिक वाचनालयांनाही मिळावा, असा ठराव वार्षिक सभेत करून शासनाकडे पाठवा.

5. पालकांनो, प्रवेश घेताना इमारतीबरोबर ग्रंथालयही पाहा. ‘इथे कोणत्या शोधपत्रिका वाचता येतात?’ हे आवर्जून विचारा.

या योजनांचा बराचसा पैसा आपल्या सर्वांच्या करातून भरला जातो. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याइतकाच त्यावर नर्सीच्या विद्यार्थ्याचाही हक्क आहे. न उघडलेल्या खात्याचा उपयोग कुणालाच नाही. आपल्या वाट्याचे ज्ञान मागून घ्या आणि ते शेजाऱ्यापर्यंत पोहोचवा.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातील एक ग्रंथपाल