मुंबई ते नैरोबी : सहा तास की दहा दिवस?

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची एक पेढी मुंबईत, तर दुसरी पूर्व आफ्रिकेत असते. नैरोबी किती दूर, असे विचारले की उत्तर ठरलेले : "सहा तास." हे उत्तर खोटे नाही. उभय नगरांमधील हवाई अंतर सुमारे ४,५०० किलोमीटर असून थेट विमान ते साधारण सहा तासांत कापते.

पूर्वजांच्या काळी हे अंतर वाऱ्याच्या हाती होते. हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले की शिडाची गलबते आफ्रिकेकडे निघत आणि नैर्ऋत्येचे वारे वाहू लागल्यावर परतत. म्हणजे वर्षाकाठी जाण्यायेण्याची एकच फेरी. पुढे आगबोटी आल्या. रेल्वे १८९९ साली नैरोबीपर्यंत पोहोचली आणि मोंबासाला उतरलेला व्यापारी देशाच्या अंतर्भागात जाऊ लागला. १९५० साली मुंबई-नैरोबी विमानसेवा सुरू झाली आणि आठवड्यांचा हिशेब तासांवर आला.

तरीही विमानाचे तास म्हणजे प्रवासाचे अंतर नव्हे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांच्या थोरल्या बंधूंवर नैरोबीत अकस्मात शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. धाकटे बंधू त्याच रात्री निघण्यास सिद्ध झाले. चार दिवसांत परतून दुकान उघडावयाचे होते. तेव्हा कळले, पीतज्वराच्या लसीचा दाखला नाही! केनियातून भारतात परतणाऱ्यास हा दाखला अनिवार्य आहे आणि लस टोचल्यानंतर दहा दिवसांनीच तो ग्राह्य धरला जातो. दाखल्याविना परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. अखेर त्यांनी लस घेतली, भावाजवळ गेले आणि दहा दिवस पुरे करूनच परतले. दुकान बंद राहिले. सहा तासांचा मार्ग पुन्हा आगबोटीइतका लांबला.

म्हणून ज्यांचे आप्त तेथे आहेत, त्यांनी ही लस निकड नसतानाच घेऊन ठेवावी. ती शासनमान्य केंद्रांतच, नेमलेल्या दिवशी मिळते. एकदा घेतलेली लस आता आजन्म ग्राह्य असते. साठी उलटलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

घड्याळाचेही भान असावे. नैरोबीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सकाळी ७ वाजता निघालेला प्रवासी तेथील साडेदहाच्या सुमारास उतरतो, तर तेथून सायंकाळी ५ वाजता निघालेला मुंबईत मध्यरात्रीनंतर दीड वाजता पोहोचतो. विषुववृत्त जवळ असल्याने तेथे बाराही महिने सूर्यास्त साडेसहाच्या आसपास होतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळचे विमान निवडणे श्रेयस्कर.

विमान आकाशातील अंतर कापते. घरापासून विमानापर्यंतचे अंतर मात्र आपल्याच पूर्वतयारीने कापावे लागते. आज तिजोरी उघडाल तेव्हा पारपत्राशेजारी तो पिवळा दाखला आहे ना, एवढे पाहावे.