इशारा खरा असावा

स्टेरॉइडमुळे खेळाडूची कामगिरी सुधारते याला निर्णायक पुरावा नाही, असे अमेरिकेतील क्रीडावैद्यकांच्या प्रमुख संघटनेने १९७७ मध्ये जाहीर केले. खेळाडूंचा अनुभव निराळा होता. डॉक्टरांवरचा त्यांचा विश्वास उडाला. पुढे १९९६ मध्ये लॉस एंजेलिस येथे शलेंदर भसीन यांच्या चमूने ४३ पुरुषांवर चाचणी केली. ज्यांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले, त्यांचे स्नायू व्यायामावाचूनही वाढले.

इतिहासाचा विद्यार्थी आणि निवृत्त प्रशासक या नात्याने मला यातून एकच बोध होतो : अर्धसत्य इशारा खऱ्या इशाऱ्याचीही पत घालवतो. तरुणांना स्पष्ट सांगावे की हे संप्रेरक गुण देते. पण ते बाहेरून मिळू लागले की शरीर स्वतःचे संप्रेरक बनविणे आवरते घेते आणि वंध्यत्वही ओढवू शकते.

आपला २०२२ चा उत्तेजकविरोधी कायदा प्रामुख्याने स्पर्धात्मक खेळांपुरता आहे. गल्लीतल्या जिममधील तरुण त्याच्या कक्षेबाहेर राहतो. मात्र टेस्टोस्टेरॉन अनुसूची ‘एच’मध्ये असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्याची विक्री बेकायदा आहे. नव्या कायद्याची प्रतीक्षा कशाला? राज्यांच्या औषध निरीक्षकांनी आहे तो नियम दुकानदाराकडून पाळून घ्यावा.