लादीवर काय अंथरावं?

दिवाळी उरकली की खानवेलला पहाटेची लादी पायाला झोंबू लागते. साकरतोडच्या काठची हवा रात्री चांगलीच गार होते आणि घराघरांत तेच बोलणं सुरू होतं: यंदा खाली घालायला काहीतरी आणायचं. मग सिल्वाशाच्या नाहीतर वापीच्या दुकानात फेरी होते, फोनवर चित्रं बघितली जातात आणि पडद्याला रंग जुळतो म्हणून एक गालिचा घरी येतो. तो कशाचा आहे, असं विचारणारी माणसं मला फार थोडी भेटतात. आमच्या भागात मात्र हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. थंडीच्या दोन महिन्यांसाठी गालिचा घेतला, तरी त्याला पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतात.

दादरा-नगर हवेलीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. आषाढात लादीला घाम सुटतो. हवा दमट असते आणि लादी तिच्यापेक्षा गार, म्हणून हवेतली वाफ लादीवर पाणी होऊन बसते. उघडी लादी फडक्यानं पुसता येते. तिच्यावर जाड गालिचा असेल तर ते पाणी खालीच अडकून राहतं. वरून हात फिरवला तर सगळं कोरडं लागतं आणि खाली बुरशी धरलेली असते.

शेजारच्या एका नव्या घरात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. बैठकीत लांब केसांचा, मऊ, करड्या रंगाचा गालिचा होता. गणपतीच्या आधी आवराआवर करताना त्याचा कोपरा उचलला, तर लादीवर पिवळसर भुकटी पसरलेली आणि आंबूस वास. ती भुकटी लेटेक्सची होती. स्वस्तातल्या बऱ्याच गालिच्यांत धागे विणलेले नसतात, यंत्राच्या सुईनं कापडात टोचलेले असतात. ते निघू नयेत म्हणून मागून लेटेक्सचा लेप देतात आणि त्यावर दुसरं कापड चिकटवतात. ऊन-दमट हवेत तो लेप आधी कडक होतो, मग तडकतो, मग झडतो. दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की गालिचा आधी उलटा करून बघा. मागच्या बाजूला पुढचीच नक्षी गाठीगाठींतून दिसत असेल, तर तो विणलेला आहे. मागे नुसतं चिकटवलेलं कापड असेल, तर तो खानवेलच्या पावसाळ्यात किती टिकेल ते तुम्हीच ठरवा.

आमच्याकडे जुन्या घरांत ही अडचण नव्हती. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि शेणानं सारवलेली जमीन. ती जमीन ओल पिते आणि सोडतेही. तिच्यावर बांबूची नाहीतर शिंदीच्या पानांची चटई पडायची, रात्री अंथरायची, सकाळी गुंडाळून कुडाला टेकवून ठेवायची. दिवसभर खालचीही हवा मोकळी आणि चटईचीही. आता पाड्यापाड्यांवर पक्की घरं झाली आहेत, लादी आली आहे. ते चांगलंच आहे. पण जमीन बदलली की अंथरूणही बदलावं लागतं, आणि रोज गुंडाळून ठेवण्याची जुनी सवय लादीवर तर अधिकच लागते.

बांबूची चटई सांगायला मी एका पाड्यावर गेले होते. तिथल्या आजींनी मला लांबी-रुंदी विचारण्याआधी विचारलं, "घालणार कुठं? शेणाच्या जमिनीवर की लादीवर?" कुठल्याही दुकानात मला हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. आजी हातातल्या कोयत्यानं बांबू उभा फाडत होत्या आणि कामट्यांचे दोन ढीग करत होत्या. सालीकडच्या कामट्या एकीकडे, गाभ्याकडच्या दुसरीकडे. सालीच्या कामट्या कडक, चकचकीत असतात, पाणी त्यांच्यावरून ओघळून जातं. गाभ्याच्या कामट्या मऊ, वळायला सोप्या, पण त्या पाणी पितात आणि कीडही आधी त्यांनाच लागते. लादीवर घालायची असेल तर सालीच्या कामट्यांची घट्ट वीण आणि दुमडलेले काठ घ्यावेत, नाहीतर टोकं लादीवर सरकतात आणि पायाला लागतात, हे त्यांनी मला एक चटई पुढ्यात धरून, बोटानं दाखवत सांगितलं. शेणाच्या जमिनीसाठी त्या वीण सैल ठेवतात, वारा खेळावा म्हणून. इथलं ज्ञान असं हातात आहे. दक्षिण गुजरातेतल्या कोटवालिया लोकांचा तर बांबू हाच पिढीजात धंदा. ही माणसं आपल्या अंगणापासून फार लांब नाहीत आणि आपण मात्र 'बांबू' हा शब्द दुकानातल्या चिठ्ठीवर वाचून भुलतो.

त्या चिठ्ठीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. हल्ली 'बांबू सिल्क' नावाचे गालिचे मिळतात. चमक रेशमासारखी, किंमत भारी. त्यात रेशीम नसतं आणि आपण ओळखतो तो बांबूही नसतो. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून, बारीक भोकांतून ओढून केलेला तो व्हिस्कोसचा धागा असतो. व्हिस्कोस दिसायला सुंदर आहे, यात शंका नाही. पण ओला झाला की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. पाण्याचा थेंब पडला तरी डाग राहतो, केस चिकटून बसतात, आणि घरी धुवायला गेलं तर पोत बिघडतो. जिथे पावसाळ्यात दारातून ओले पाय आत येणारच, मुलं पाण्याचा तांब्या सांडणारच, त्या घरात व्हिस्कोस आणू नये. आर्ट सिल्क, विस्कोज, बांबू सिल्क, नाव काही असो, मी तरी घेणार नाही आणि तुम्हालाही घेऊ देणार नाही.

सुताचं याच्या अगदी उलट. सुती धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा चिवट होतो, म्हणून धोपटून धुतलेली सतरंजी वर्षानुवर्षं टिकते. तिला मागची बाजू अशी नसतेच, दोन्हीकडून वापरता येते. लेप नाही, चिकट काही नाही. धूळ बसली तर दोघांनी दोन टोकं धरून झटकावी, मळली तर साबणाच्या पाण्यात भिजवावी, दोरीवर टाकावी. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मराठी घरात लग्नाच्या पंगतीपासून भजनापर्यंत खाली अंथरली गेली ती सतरंजीच. माझ्या मते खानवेलच्या बैठकीसाठी तिच्याइतकं योग्य दुसरं काही नाही. घेताना दोन गोष्टी बघा. पांढरा रुमाल ओला करून रंगावर जोरात घासा, रंग उतरला तर ठेवून द्या. आणि मापात थोडी सूट धरा, कारण पहिल्या धुण्यात सूत आक्रसतं.

तिसरी गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. ओली झाल्यावर ती घरातल्या एकट्या बाईला उचलता येईल का? कोरडा गालिचा दुकानातला पोरगा खांद्यावर टाकून आणून देतो. ओला गालिचा उचलायला घरात तेव्हा कोणी नसतं. म्हणून एक मोठा अंथरण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत.

लोकरीचं काय, असं विचारलं जातं. लोकर हा पायाखाली घालायला उत्तम तंतू आहे, पण तिला जागा आणि हवा बघावी लागते. दाबली तरी पुन्हा उभी राहते, ठिणगी पडली तर भडकत नाही, विझते. गालिच्याला मऊ लोकर लागत नाही, भरड लागते. म्हणून बिकानेरची लोकर गालिच्यांना जाते आणि आपल्या धनगरांची दख्खनी मेंढीची लोकरही, अंगाला टोचते खरी, पण खाली अंथरायला टणक. हातमागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशी थंडीत अंथरून बघा, पाय टेकताना लादीचा गारठा लागत नाही. जगातला सगळ्यात जुना समजला जाणारा गाठींचा गालिचा लोकरीचाच आहे. 1949 साली सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या एका थडग्यात तो सापडला, आणि आता रशियाच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. सुमारे 2,400 वर्षं तो टिकला, कारण थडग्यात शिरलेलं पाणी गोठून त्याचा बर्फ झाला आणि कीड-बुरशीला शिरकाव मिळाला नाही. आपल्याकडे बर्फ नाही, दमट उकाडा आहे, आणि लोकरीला कसर लागते ती अशाच हवेत. घोंगडी असो की भदोहीचा गालिचा, मृगाच्या आधी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवायचा, झटकायचा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात गुंडाळायचा आणि उंचावर ठेवायचा. घडी करू नये, गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आत घाम धरतो. एवढं करण्याची तयारी असेल तर लोकर जरूर घ्या.

वस्त्रोद्योगात कुठला तंतू हवेतली किती ओल धरतो याचं प्रमाण ठरलेलं आहे. लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास, ताग 13.75, सूत 8.5, पॉलिस्टर 0.4 आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. ताग दुकानात फार देखणा दिसतो, पण एवढी ओल धरतो आणि बुरशीला लवकर बळी पडतो. त्यामुळे त्याला आमच्याकडे फक्त थंडी-उन्हाळ्यात, कोरड्या खोलीत जागा. घायपाताचा दोर मजबूत असतो, पण पाण्याचा डाग तोही धरतो. काथ्याचं तसं नाही. नारळाच्या सोडणाला पाणी सोसायची सवय असते, म्हणून होड्यांचे दोर काथ्याचे करत. दारातलं पायपुसणं काथ्याचं हवं, चिखल खरवडून घेणारं. मात्र ते पडवीत किंवा ओट्यावर ठेवा. ओल्या काथ्याचा तपकिरी रंग लादीवर उतरतो.

आता पॉलिस्टर. त्याला नाक मुरडणं मला पटत नाही. सिल्वाशाच्या कारखान्यांत दिवसरात्र हाच धागा निघतो आणि खानवेलच्या कितीतरी घरांची चूल त्या पाळ्यांवर पेटते. सरळ गुळगुळीत धागा तापवून, पिळून, पुन्हा उलगडतात, की त्याला कायमचा कुरळेपणा येतो आणि त्या कुरळेपणात हवा धरून तो मऊ होतो. मोरीच्या दारात, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पॉलिस्टरचं धुता येणारं पायपुसणं चांगलं, पाणी झटकन सोडतं. फक्त तेल त्याला सोडत नाही, म्हणून फोडणीच्या जागी लहानच ठेवा आणि वरचेवर धुवा. पॉलिप्रॉपिलीनची विणलेली चटई तर घरोघरी आहेच. पाहुणे आले, पंगत बसली, पाणी सांडलं, काही बिघडत नाही. उन्हात कायम टाकून ठेवली तर मात्र कडक होऊन तुटते. आणि हा तंतू 165 अंशांच्या आसपासच वितळतो. निरांजन, उदबत्ती, शेगडी, इस्त्री यांच्याजवळ तो नको. देवघरासमोर सुती आसन किंवा घोंगडीचा तुकडा घाला.

चिठ्ठीवर विश्वास बसत नसेल तर काठाचा एक धागा मागून घ्या आणि चिमट्यात धरून मोरीपाशी जाळून बघा. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात, राखाडी राख पडते. लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि मागे राहिलेला काळा मणी बोटांत चुरडतो. पॉलिस्टर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन वितळतात आणि त्यांचा कडक मणी चुरडत नाही. सूत की व्हिस्कोस हे कळायला धागा ओला करून ओढा, व्हिस्कोस पटकन तुटतो.

घरात दम्याचं कोणी असेल तर लांब केसांचा गालिचा कुठल्याच धाग्याचा नको. दमट हवेत धुळीतले बारीक किडे त्यातच वाढतात, आणि झाडूनं ते निघत नाहीत. म्हातारी माणसं असतील तर लादीवर सतरंजीखाली रबराची जाळी घाला आणि ती दर आठवड्याला उचलून खालची लादी पुसा. काठ वळलेला दिसला की त्याच दिवशी टाका घालून घ्या. पडून खुबा मोडला तर घरातलं माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतं, ते दुःख आमच्या ओळखीच्या घरांनी सोसलं आहे.

आणि बांबूची चटई सांगायची असेल, तर थंडीतच सांगा. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेल्या पक्क्या बांबूत पिष्ट कमी असतं, म्हणून कीड कमी लागते. वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवला तर उरलेलंही धुऊन जातं. एप्रिल-मेमध्ये घाईनं मागितली तर कोवळ्या, न भिजवलेल्या बांबूची चटई हाती येईल आणि पुढच्या पावसाळ्यात तिच्याखाली पिवळी भुकटी पडेल. पाड्यावर जाताना खोलीचं माप घेऊन जा, लादी आहे की सारवलेली जमीन ते सांगा, सालीच्या कामट्या मागा, आणि भाव करताना हे लक्षात असू द्या की एक चटई पुरी व्हायला त्या माणसाचे कित्येक दिवस जातात.