जमिनीवर उतरणारा सुतार

सुतारपक्षी म्हटला की खोडाला बिलगून टकटक करणारा पक्षी डोळ्यांसमोर येतो. पण आपल्याकडच्या पानझडी जंगलांत एक हिरवट सुतार आहे, जो पोटासाठी बराच वेळ जमिनीवरच असतो. गळ्यावर काळपट रेघा, कमरेवर पिवळा रंग. नराची टोपी लाल, मादीची काळसर. गवतात मुंग्या आणि वाळवी टिपत फिरतो. शेताच्या बांधावर दिसणारा सोनपाठी सुतारही अधूनमधून असा खाली उतरतो.

आमच्या घरांत पुष्कळजण यालाच हुदहुद म्हणतात. हजरत सुलैमान (अ.) यांच्याकडे सबाच्या राणीची खबर घेऊन आलेला हुदहुद वेगळा. डोक्यावर तुरा, लांब बाकदार चोच, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, तो मराठीतला हुदहुद्या. तोही जमिनीवरच चरतो, म्हणून हा घोटाळा होत असावा.

या सुताराचा फोटो उभ्याने काढला तर हिरवी पाठ हिरव्या गवतात हरवून जाते. पोटावर आडवे होऊन कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा लागतो. मात्र कोपर टेकण्यापूर्वी खाली बघावे. हुदहुदचा उल्लेख असलेल्या सूरह नम्लमध्येच, सुलैमानांचे सैन्य नकळत तुडवून जाईल म्हणून आपल्या सोबतिणींना सावध करणारी मुंगीही आहे. आपल्या वजनाखाली मुंग्यांचे घर चिरडले तर त्या जातातच, शिवाय पक्ष्याच्या तोंडचा घासही जातो.

चोच मातीत असताना फोटोत नुसती पाठ येते. टोचता टोचता तो मान वर करून आजूबाजूला बघतो, तोच क्षण आपला. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवावे, फोकस डोळ्यावर. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी असेल तर चोचीला लागलेली मातीसुद्धा स्पष्ट दिसते. लांब चिकट जीभ टिपता आली तर नशीबच!

मोबाइलवर सुताराची हाक वाजवून त्याला जवळ बोलावणारेही असतात. आम्हाला ते पटत नाही. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असे समजून बिचारा खाणे सोडून भांडायला धावतो. ढोलीपुढच्या फांद्या छाटून पिलांचे फोटो काढणे तर त्याहून वाईट. प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची दोन पिले उचलली, आई वर घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती पिले परत ठेवायला लावली, असे अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. ढोलीचा ठावठिकाणा ग्रुपवर टाकण्यापूर्वी हे आठवावे.

मान वर करून तो तसाच थबकला, तर त्याने आपल्याला पाहिले आहे. कॅमेरा खाली घ्यावा, हलू नये. चोच पुन्हा मातीत गेली की मगच पुढचा फोटो.