अडवणूक आणि बांधणी

१५ एप्रिल २०२४ रोजी सकाळी सॅन फ्रान्सिस्को येथील जगप्रसिद्ध गोल्डन गेट पुलावर काही निदर्शकांनी गाझातील युद्धाचा निषेध म्हणून वाहतूक रोखून धरली. कित्येक तास पूल बंद होता. त्याच दिवशी शिकागोच्या ओहेर विमानतळाकडे जाणारा रस्ताही अडविण्यात आला आणि अनेक प्रवाशांवर सामान ओढीत पायी विमानतळ गाठण्याची पाळी आली. गाझातील संहाराने कोणाही सहृदय माणसाचे मन विदीर्ण व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या पुलावर अडकून पडलेल्या मोटारचालकाच्या हाती अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा असा कोणता दोर होता, की जो त्याने ओढावा म्हणून त्याला ताटकळत ठेवण्यात आले?

अमेरिकेतील बहुसंख्य गावांत मोटारीवाचून माणूस पांगळा असतो. दूध-पाव आणावयाचा तर मोटार, मुलाला शाळेत पोचवावयाचे तर मोटार, डॉक्टरकडे जावयाचे तरीही मोटार. ज्या देशाच्या ऐश्वर्याच्या कथा आपण ऐकतो, त्या देशात ताशी मजुरीवर राबणाऱ्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात आहे आणि भरपगारी रजा देण्याची सक्ती मालकावर करणारा सर्व देशास लागू असा कायदा नाही. अशा माणसाला कामावर पोचण्यास दोन तास उशीर झाला तर ते दोन तास त्याच्या खिशातून जातात. तो घरी परततो तेव्हा गाझाचा विचार करीत नाही. रस्ता अडविणाऱ्यांना शिव्या घालतो. 'बंद'चा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना हे अधिक उकलून सांगावयास नको.

याच अमेरिकेत सत्तर वर्षांपूर्वी बसच्या प्रश्नावरून एक लढा झाला. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेने गोऱ्या उतारूसाठी आपली जागा सोडण्याचे नाकारले व तिला अटक झाली. पुढचे सर्व एका थकलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या क्षणिक संतापातून आपोआप घडले, अशी एक गोड समजूत रूढ आहे. वस्तुतः रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेची अनेक वर्षांची कार्यकर्ती होती. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीनेही अशीच जागा सोडण्यास नकार दिला होता. परंतु तिच्या अटकेवर सर्वव्यापी लढा उभारणे नेत्यांना योग्य वाटले नाही. त्या मुलीवर अन्याय झाला, हे खरे. पण कोणत्या दिवशी लढावे आणि कोणत्या दिवशी थांबावे, याचा थंड डोक्याने हिशेब करणारी माणसे तेथे होती, हेही तितकेच खरे.

अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या अध्यापिकेने आपल्या महाविद्यालयातील यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रके छापून काढली. दुसऱ्या दिवशी ती घरोघर पोचली. हे एका रात्रीत साधले, कारण पत्रके वाटणाऱ्या महिलांची संघटना कित्येक वर्षे आधीपासून उभी होती. बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्यांनी बस अडविली नाही, बससमोर आडवे पडले नाहीत. ते बसमध्ये चढलेच नाहीत. लढ्याची झळ त्यांनी प्रथम आपल्या पायांना लावून घेतली आणि ज्या कंपनीशी भांडण होते, नेमका तिचाच गल्ला रिकामा केला.

पण नुसते चालून वर्ष निघत नाही. म्हाताऱ्या मोलकरणींना गावाच्या दुसऱ्या टोकाला रोज कसे पोचवावयाचे? त्यासाठी शेकडो खाजगी मोटारींची व्यवस्था झाली, चढण्या-उतरण्याचे थांबे ठरले, वेळापत्रके बनली. विमा कंपन्यांनी मोटारींचा विमा रद्द केला तेव्हा तो थेट लंडनहून उतरविण्यात आला. पेट्रोलला पैसा हवा, म्हणून जॉर्जिया गिल्मोर नावाच्या स्वयंपाकिणीने मैत्रिणी जमवून घरी केलेले केक आणि तळलेली कोंबडी विकावयास आरंभ केला आणि ती रक्कम ती दर सभेत आणून ओतू लागली. देणाऱ्यांची नावे उघड झाली तर त्यांच्या नोकऱ्या जातील, म्हणून तिने आपल्या मंडळाचे नाव 'कुठूनच नाही' अशा अर्थाचे ठेवले होते! इतिहासाच्या पुस्तकांत सव्वीस वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंगचे भाषण असते. गिल्मोरबाईंच्या केकची नोंद क्वचितच असते, आणि लढा ३८१ दिवस टिकला तो या दोहोंच्या बळावर. न्यायालयातील दावा समांतर चालू होताच; १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला.

यावरून अडवणूक सदासर्वदा निष्फळच असते, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये याच किंगने शहराचे व्यवहार विस्कळीत केले. ज्या डॉ. लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावला सालाझारशाहीची सभाबंदी मोडली, त्यांनाच मे १९६४ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या उपाहारगृहात प्रवेश करू पाहिला म्हणून अटक झाली होती. कायदा मोडणे हा भाग तेथेही होताच. परंतु मोडला तो नेमका अन्यायाचाच नियम. १९७७ साली शंभराहून अधिक अपंग नागरिकांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कचेरीत सुमारे पंचवीस दिवस ठाण मांडले. मागणी एका वाक्याची होती: १९७३ च्या कायद्याचे रखडलेले नियम जारी करा. ज्या खात्याने ते रखडविले, त्याच खात्याच्या इमारतीत ते बसले होते, आणि बाहेरून त्यांना रोज जेवण पुरविणारी माणसे होती. नियमांवर सही झाली.

याच्या उलट १७ सप्टेंबर २०११ रोजी न्यू यॉर्कच्या झुकोटी उद्यानात सुरू झालेले 'वॉल स्ट्रीट व्यापा' आंदोलन पाहावे. नव्याण्णव टक्के विरुद्ध एक टक्का, ही भाषा त्याने जगाच्या तोंडी बसविली, हे श्रेय लहान नाही. परंतु मागणी कोणती, ती कोणाकडे, हे अखेरपर्यंत ठरले नाही. १५ नोव्हेंबरला पोलिसांनी तंबू उखडले, आणि तंबूंखेरीज मागे राहील असे फारसे काही बांधलेलेच नव्हते. त्याच सुमारास त्यांच्या विरुद्ध टोकाचे 'टी पार्टी'वाले पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत आपले उमेदवार उभे करीत होते. २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात ६३ जागा अधिक मिळविल्या. त्यांचे विचार आम्हाला मान्य नाहीत. त्यांचा उद्योग मात्र वाखाणण्यासारखा होता.

अमेरिकेत सुमारे पाच लाख पदे निवडणुकीने भरली जातात. शाळामंडळापासून शेरीफपर्यंत सारे त्यात आले. मतदान १८४५ च्या कायद्याप्रमाणे अजूनही मंगळवारी, आणि त्या दिवशी देशभर सुटी नसते. अशा वेळी शेजारणीला मतदान केंद्रापर्यंत आपल्या मोटारीतून नेणारी बाई राजकारण करते, हे दूरचित्रवाणीवर दिसत नाही. तेथे पूलच दिसतो. २०२५ च्या जून व ऑक्टोबरमध्ये 'राजे नकोत' म्हणत लक्षावधी अमेरिकन रस्त्यांवर उतरले, आणि त्याच नोव्हेंबरात न्यू यॉर्कच्या महापौरपदी झोहरान ममदानी निवडून आले ते हजारो स्वयंसेवकांनी महिनोन्महिने जिने चढून घरोघर घंटी वाजविली म्हणून. त्या मोर्चांतील किती माणसे पुढे असे जिने चढतील, यावर त्यांचे मोल ठरावयाचे आहे.

माँटगोमेरीतील आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. निकाल बाजूने लागल्यावर तेथील लोकांनी विजयाची मिरवणूक काढली नाही. चर्चमध्ये बसमधल्यासारख्या खुर्च्या मांडून, शेजारी बसलेल्या गोऱ्याने शिवी दिली वा धक्का मारला तर काय करावयाचे, याची त्यांनी तालीम केली. बढाई मारू नका, उलट बोलू नका, शेजारी बसण्यापूर्वी सौजन्याने विचारा, अशा सूचना छापून वाटण्यात आल्या. २१ डिसेंबर १९५६ रोजी सकाळी ते बसमध्ये चढले आणि मिळेल त्या जागेवर बसले.